दोन घंट्यांचा प्लान

ये पोरी, अशी जवळ ये. कागदावर का होईना, पण जवळ बस. आणि आधी मला सांग, "आजी, एवढं काय त्यात, कोणताही फोन घे ना," असं तू कोणत्या तोंडानं म्हणालीस? कोणताही म्हणजे कोणता? कोणतीही भाजी आण म्हटलं तर मी बाजारात जाऊन देठ पाहून वांगी आणीन. कोणतंही लुगडं घे म्हटलं तर पोत चुरगाळून, पदर उलटून पाहीन. फोनाचं काय उलटून पाहायचं ते तू सांगितलं नाहीस. "मीटिंग आहे" म्हणालीस आणि ठेवून दिलंस. तू तिकडे हैदराबादला, आणि तुझी आजी इकडे भिलाईत तुझ्या मामाचा फोन कानाला आणि स्वतःचा मेलेला फोन मुठीत धरून बसलेली. पाच दिवस माझा फोन बंद होता आणि सहाव्या दिवशी आपल्या फाटकाशी रडारड झाली, ते तुला मामानं अर्धंच सांगितलं असणार. तो सगळंच अर्धं सांगतो. मी पूर्ण सांगते.

जुना फोन मेला तो उडदाच्या डाळीत. बड्यांसाठी, तुम्ही वडे म्हणता त्यांच्यासाठी, डाळ भिजत घातली होती, मी वाकून धुवायला गेले आणि पोलक्यातून तो गुडुप. बाहेर काढला तेव्हा त्याचा दिवा लागला, एकदा लागला, आणि गेला. बटनांचा साधा फोन होता. मागची पाठ ढिली झाली म्हणून त्याला रबर लावलेलं, आणि पाचाचा आकडा बोटानं घासून घासून पुसून गेलेला. तुझी मामी म्हणाली, "आई, तांदळात ठेवा, तांदूळ पाणी ओढतो." दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. तांदळाला डाळीचा वास लागला, फोन काही उठला नाही.

फोन गेल्याचं दुःख नव्हतं मला. घंटी गेल्याचं होतं. ते तुला नीट समजावं म्हणून थोडं मागं जाते.

आमगावच्या पुढं आमच्या माहेरच्या खेड्यात माझी मोठी बहीण राहते, एकटीच. तिला मी बाई म्हणते आणि ती मला लहानी म्हणते. मी सत्तरीची झाले तरी लहानीच. तिला कानानं कमी ऐकू येतं. समोर बसून तोंड पाहिलं तर समजतं, पण फोनवर बोललेलं एक अक्षर कळत नाही, नुसती घंटी तेवढी ऐकू येते. वाचताही येत नाही. म्हणून आम्ही दोघींनी आमचा आमचा कायदा केला होता. सकाळी चहा झाला की तिनं मला दोन घंट्या द्यायच्या आणि कापायचं. त्याचा अर्थ, उठले, बरी आहे. मग मी तिला दोन घंट्या द्यायच्या. त्याचा अर्थ, मीही आहे. उचलायचं कोणी नाही. माझ्या नंबराच्या शेवटी दोन शून्य आहेत. तिला आकडे येत नाहीत, पण शून्य ओळखता येतं. "शेवटी दोन चाकं आली की लहानी," असं तिनं डोक्यात बसवून ठेवलेलं. मला लावायला तिच्या फोनात एकच बटन दाबून ठेवायचं, तेवढं तिला येतं.

आणि घंटी जर पूर्ण वाजली, वाजून वाजून आपोआप थांबेपर्यंत, तर समजायचं की घरात कोणी गेलं. विचारायचं नाही. उचलायचं नाही. निघायचं. एकदा तिनं मला पूर्ण दिली होती, माझे भाऊजी गेले तेव्हा. एकदा मी तिला दिली, तुझे आजोबा गेले तेव्हा. बस. इतक्या वर्षांत दोनदाच.

आता तूच सांग, असा फोन बंद पडल्यावर जीव कसा राहील? तिकडे ती रोज सकाळी घंटी देत असणार आणि तिला काही परत येत नसणार. तुझ्या मामाच्या फोनवरून मी दोन घंट्या दिल्या. पण त्याच्या नंबराला चाकं नाहीत. तिनं कोणाचा तरी चुकीचा आला म्हणून सोडून दिला. तिच्या शेजाऱ्याचा नंबर होता, तो त्या मेलेल्या फोनाच्या पोटात.

तिसऱ्या दिवशी मी, तुझा मामा आणि मामी असे तिघं सुपेल्याच्या बाजारात गेलो. मामाला हथखोजच्या कारखान्यात दुसरी पाळी होती, म्हणून त्याचं सारखं घड्याळाकडे लक्ष. दुकानात काचेखाली इतके फोन की मला वाटलं चपलांच्या दुकानात आलो. सगळे काळे, सगळे चपटे. विकणारी एक पोरगी होती, आपल्या इकडचीच, छत्तीसगढी. गोड होती बोलायला.

"दाई, कतका जीबी चाही?"

मी म्हटलं, "कितने का पता नहीं बेटी. घंटी बजनी चाहिए."

"घंटी तो सबमें बजती है, अम्मा. रॅम कितना दूँ?"

राम कितीचा आणि जीबी कितीची, हे मला आजही माहीत नाही. तिनं एक फोन उलटा करून दाखवला. त्याला पाठीवर चार डोळे. मी म्हटलं एवढे डोळे कशाला, तर म्हणे एक लांबचं पाहतो, एक जवळचं पाहतो, एक अंधारातलं पाहतो. चौथा काय पाहतो ते तिलाही सांगता आलं नाही. तुझी मामी म्हणाली, "आई, टचवाला घ्या, नातीला व्हिडिओवर पाहता येईल." मामा म्हणाला, "तिले बटनवालाच बरा हाय, कावून डोक्याले ताप देतेस?" मामी म्हणाली, "तुम्हाले आई मागासच ठेवायची हाय." झालं, फोन माझा आणि भांडण त्यांचं. मधेच दोघं माझ्याकडे वळून म्हणत, "तुझी मर्जी, आई." मी मर्जी सांगायला तोंड उघडलं की पुन्हा त्यांचं सुरू.

शेवटी बटनाचा एक फोन मी हातात घेतला. तर पोरगी म्हणाली, "अम्मा, इसमें आपकी पुरानी सिम नहीं चलेगी." मग टचवाल्यात? "उसमें भी नहीं चलेगी." जुनं सिम फार जुन्या काळचं होतं म्हणे, आता नवं सिम पाहिजे. नवं सिम पाहिजे तर नवा नंबर घ्या, चांगली स्कीम आहे. मी म्हटलं, नंबर तोच पाहिजे, शेवटी दोन चाकंवाला. मग ती म्हणाली, नंबर तोच ठेवून कंपनी बदलून घ्या, त्याच्यावर जास्त फायदा आहे. मी मामाला विचारलं, "म्हणजे घर तेच आन् नवरा दुसरा?" पोरगी इतकी हसली की तिच्या मालकानं मान वर करून पाहिलं. तिला मराठी समजतं हे तेव्हा मला कळलं.

मी म्हटलं, नवरा नाही बदलायचा. तोच नंबर, तीच कंपनी. तिनं तिच्या फोनात काहीतरी पाहिलं आणि चेहरा उतरला. सिम तुझ्या आजोबांच्या नावावर निघालं.

"जिनके नाम पे है उनको ले आइए, अम्मा. बस चेहरा दिखाना पड़ेगा."

"वो ज़रा मुश्किल है, बेटी," मी म्हटलं.

ती समजली. मग हळूच म्हणाली की कंपनीच्या ऑफिसात जा, त्यांच्या मृत्यूचा दाखला न्या, नंबर तुमच्या नावावर होईल. इतकी वर्षं मी रोज सकाळी त्यांच्या नावानं घंटी देत होते आणि मला माहीतच नव्हतं. ते स्टील प्लांटमधून निवृत्त झाल्यावर सेक्टरातलं क्वार्टर सोडलं, कोहक्यात हे घर बांधलं, त्याच वर्षी त्यांनी हा फोन आणून माझ्या हातात ठेवला होता. "तुह्या बहिणीसाठी," म्हणाले होते. कागदावर सही कोणाची हे कोण विचारतं?

चौथ्या दिवशी ऑफिसात गेलो. तिथं कूपन घेऊन बसा, मग बोलावतात. दाखला दिला, माझं आधार दिलं, अंगठा दिला. अंगठा लागेना. भांडी घासून घासून माझ्या अंगठ्यावर रेषाच राहिल्या नाहीत. मग म्हणाले डोळे दाखवा, मोठे करा. मी डोळे मोठे केले. अजून मोठे करा. यापेक्षा मोठे देवानं दिले नाहीत, मी म्हटलं. मग झालं एकदाचं. म्हणाले उद्यापर्यंत सुरू होईल. मी विचारलं, उद्या किती वाजता? तर म्हणे, "उद्यापर्यंत." आमच्याकडे तर प्लांटातली पाळीसुद्धा वेळेवर सुरू होते, हे उद्यापर्यंत म्हणजे काय, कोणी सांगेना.

पाचव्या दिवशी संध्याकाळी परत त्याच पोरीच्या दुकानात. ऑफिसानं दिलेलं सिम सुरू झालं होतं, नखाएवढं. आता प्लान घ्यायचा. हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंग्यासारखा फिरून राहिला आहे. एक अठ्ठावीस दिवसांचा, एक चौऱ्याऐंशी दिवसांचा, एक वर्षाचा. एकात रोज इतका डाटा, दुसऱ्यात रोज तितका, तिसऱ्यात रोज नाही पण महिन्याचा मिळून. आणि सगळ्यात बोलणं फुकट, कितीही बोला.

मी म्हटलं, "मुझे बोलना नहीं है."

"तो नेट चलाएँगी?"

"नेट भी नहीं."

"फिर क्या करेंगी, अम्मा?"

"दो घंटी दूँगी. रोज़. और दो घंटी लूँगी."

पोरीनं प्लानांचा कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, "अम्मा, घंटी का प्लान नहीं आता."

जगातल्या सगळ्या कंपन्यांनी मिळून इतके प्लान काढले, आणि एकालाही सुचलं नाही की एखादी बाई नुसती आहे एवढंच सांगायला फोन लावत असेल. मी आणखी एक विचारलं, महिना अठ्ठावीस दिवसांचा कसा? तर ती म्हणाली, कंपनीचा महिना तसाच असतो. मग उरलेले दोन दिवस कोणाचे? मामा म्हणाला, "आई, मले उद्या सकाळची पाळी हाय, चाल आता." शेवटी कोणता प्लान घेतला ते मला माहीत नाही. आणि फोनही टचवालाच घरी आला, तो कसा आला तेही माहीत नाही. मी बटनवाल्याकडे बोट दाखवलं होतं हे मला चांगलं आठवतं. मामी म्हणते, मी मान हलवली होती. हलवली असेल. पाच दिवसांत मी कशालाही मान हलवायला लागले होते.

आता सहाव्या दिवसाची सकाळ. ही गोष्ट ऐक आणि हसू नकोस.

मामा पाळीवर गेलेला, मामी शाळेत शिकवायला गेलेली. मी एकटी. चहा प्याले आणि वाट पाहत बसले. बाईची घंटी येईना. पाच दिवस परत काही आलं नाही म्हणून तिनं द्यायचं सोडलं असेल, असं मला वाटलं. म्हटलं, आपणच द्यावी. तिचा नंबर मला तोंडपाठ. एकेक आकडा काचेवर टेकवला, हिरव्यावर बोट ठेवलं, कानाला लावला. लागला. एक घंटी झाली. दोन झाल्या. आता कापायचं. कानापासून काढून पाहिलं तर काच काळी. काहीच दिसेना, लाल बटन कुठं गेलं कळेना. मी बोटानं इकडे दाबलं, तिकडे दाबलं, बाजूला एक गुंडी होती ती दाबली, आवाज मोठा झाला. तीन घंट्या. चार. काच एकदा उजळली तेव्हा लाल दिसलं, मी घाईनं बोट नेलं, तर माझाच हात आडवा येऊन पुन्हा काळी. फोनातून टुंई टुंई सुरूच. आणि मग आपोआप थांबली.

पूर्ण.

पोरी, मी म्हटलं आता पुन्हा लावू, दोन घंट्यांवर कापू, म्हणजे तिला समजेल की चूक झाली. लावला. तीच गत. दुसऱ्यांदाही पूर्ण.

मी तशीच शेजारणीकडे धावले. तिनं फोन घेतला, बोटानं एक टिचकी मारली, म्हणाली, "हे काय, असं कापायचं." मग तिच्याकडूनच तिसऱ्यांदा लावून, बरोबर दोन घंट्यांवर कापून घेतलं. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. मला माहीत होतं काही उपयोग नाही. आमच्या कायद्यात पूर्ण वाजली की फोनाकडे पाहत बसायचं नसतं. बाई फोन घरीच टाकून स्टेशनाकडे निघाली असणार.

मामाला फोन केला. तो म्हणाला, "येऊ दे, आई. किती दिवसांत आली नाही मावशी." त्याला काय जातं! मला वाटलं, गाडीत बसून ती दोन तास काय विचार करत येईल? एकदा पूर्ण वाजली असती तर एक माणूस गेलं. दोन पूर्ण म्हणजे किती? तिच्या कानात तर आता कोणी काही सांगूही शकत नाही. मी नुसती फाटकाशी येत होते आणि आत जात होते. दुसरं काही सुचलं नाही म्हणून भात टाकला, वरण टाकलं. तिच्या आवडीचे बडे तळायला घेतले. ज्या डाळीनं फोन मारला तीच डाळ पुन्हा भिजवलेली होती, सांगायला लाज वाटते.

दुपारी ऑटो थांबला. बाई उतरली. उतरता उतरताच तिनं गळा काढला. तुला आमच्याकडचं रडणं माहीत नाही, तुम्ही पोरी डोळे पुसून मोकळ्या होता. आमच्याकडे गेलेल्याचे गुण सांगत, सूर लावून रडायचं असतं. ती फाटकाला धरून सुरू झाली, "माह्या लहानीनं मले सोडून देल्लं वो माय, बोरं वाटून खाल्ली वो, माह्यासाठी मार खाल्ला वो..." शेजारपाजारचे बाहेर आले. मी आतून धावत आले, हातात झारा, तेल टपकतंय. ती डोळे मिटून रडतेय, मला पाहत नाही. मी समोर जाऊन तिचे खांदे धरले.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. झाऱ्याकडे पाहिलं.

"मेली नाई तू?"

मी मान हलवली. नाही.

"मंग कोण मेलं?"

मी पुन्हा मान हलवली. कोणी नाही.

"कोणीच नाई?" आणि मग तिनं फाटकाशीच सगळ्या शेजाऱ्यांसमोर माझ्या पाठीत असा एक धपाटा घातला की तेलाचे शिंतोडे तिच्याच लुगड्यावर उडाले. "मंग कावून वाजवली पुरी? दोनदा! मी म्हटलं लहानी गेली आन् तिच्या मांगं पोरगाही गेला. गाडीत बसून बसून म्या दोघायचंही रडून घेतलं. आता ते रडणं कोणाले देऊ?"

आतापर्यंत मला हसू येत नव्हतं, पण तेव्हा आलं. ती आधी चिडली, मग तीही हसायला लागली, आणि हसता हसता दोघीही रडायला लागलो. शेजारीण म्हणाली, आता नक्की काय समजायचं आम्ही?

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून तिनं सकाळी त्या घाईतही तांदळाच्या भाकरी आणि झुणका बांधून आणला होता. डबा उघडून माझ्यापुढं ठेवला. "खाय. तुह्याच मरणाचं जेवण हाय." मी खाल्लं. पाच दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. तिनं बडे खाल्ले.

मी तिच्या समोर बसून, तोंड मोठं करून, हातानं दाखवत सगळं सांगितलं. डाळ, सिम, तुझ्या आजोबांच्या नावावरचा नंबर, चार डोळ्यांचा फोन, अठ्ठावीस दिवसांचा महिना. तिनं सगळं ऐकलं, म्हणजे पाहिलं. मग नवा फोन हातात घेऊन वर-खाली केला आणि विचारलं, "यात चाकं कुठं हायत?" मी काचेवर माझा नंबर काढून दाखवला. शेवटची दोन शून्यं तिनं बोटानं चाचपून पाहिली. "हायत," म्हणाली आणि परत दिला. तिच्या लेखी फोन पास झाला.

चार दिवस राहिली. त्या चार दिवसांत मामीनं मला कापायला शिकवलं. मामाच्या फोनाला माझ्या फोनावरून घंटी द्यायची, एक, दोन, आणि कानाला लावायचंच नाही, समोर धरून लाल गोळ्यावर बोट. बाई बाजूला बसून घंट्या मोजायची. तिसरी झाली की "गेलीस!" म्हणून ओरडायची. पहिल्या दिवशी मी बारा वेळा मेले. चौथ्या दिवशी एकदाही नाही.

जाताना मी तिला म्हटलं, "बाई, आता कायदा बदलू. पुरी वाजली तरी निघू नको. आधी शेजाऱ्याले फोन करायला लाव." तिनं माझं तोंड नीट पाहिलं, समजलं का नाही असं मला वाटलं. मग म्हणाली, "नाई. पुरी वाजली तं मी येईनच. तू मेली अससीन तं रडीन. जित्ती अससीन तं जेवून जाईन." आणि गाडीत चढली.

तर असं झालं. आता सकाळी चहा झाला की दोन घंट्या येतात, मी दोन देते. पण पोरी, काल फोनावर कंपनीचा मेसेज आला की प्लान संपत आला. कोणता प्लान, कधी संपतो, संपला तर येणारी घंटी येते का नाही, मामाला विचारलं तर तो म्हणतो येते, मामी म्हणते नाही येत, दुकानातली पोरगी म्हणते काही दिवस येते. काही दिवस म्हणजे किती? मी तर सध्या कॅलेंडरावर प्लान घेतल्यापासूनच्या अठ्ठावीसाव्या दिवसाला खूण करून ठेवली आहे आणि रोज सकाळी ती घंटी येईपर्यंत चहाचा दुसरा घोट घेत नाही.

तुला या सगळ्यातलं कळतं. मला फोनवर समजावू नकोस, फोनवरचं मलाही आता बाईसारखंच समजत नाही. तू ये. समोर बस, तोंड दिसू दे, बोटानं दाखव. दिवाळीची वाट पाहू नकोस, अठ्ठावीसाच्या आधी ये. दुर्गला उतरलीस की दोन घंट्या दे आणि काप, मी भात टाकते.